चाळिशीतला चालक आणि काचेवरचा वेग

आमच्या एका अस्थिरोगतज्ज्ञ स्नेह्यांकडे सॅन स्टॉर्म आहे. नव्या पिढीला हे नाव कदाचित ठाऊक नसेल. 1998 च्या सुमारास आलेली, गोव्यात बांधली गेलेली ही दोन आसनांची छोटी स्पोर्ट्स कार. अंग फायबरग्लासचे, आराखडा फ्रेंचांचा आणि इंजिन रेनोचे, जेमतेम 60 अश्वशक्तीचे. अशा गाड्या आज फारच थोड्या दिसतात, आणि ज्यांच्याकडे त्या उरल्या आहेत ते मालकही गाडीबरोबरच वयात आले आहेत. स्नेह्यांचे वय आता 58. एके दिवशी ते दवाखान्यात आले आणि म्हणाले, “रात्री रस्ता स्वच्छ दिसतो, पण वेगाचा काटा दिसत नाही. पुढच्या काचेवर आकडा उमटवणारे यंत्र बसवतो आहे. नेत्रतज्ज्ञ म्हणून तुमचे मत काय?”

मत देण्याआधी मी त्यांचे डोळे तपासले. लांबचा चष्मा अचूक होता, जवळचा खिशात होता. चाळिशी हा शब्द आपल्या भाषेने वयालाही दिला आणि चष्म्यालाही, यातच सारे निदान आहे. पंधराव्या वर्षी डोळ्याचे भिंग दहा-बारा डायऑप्टरपर्यंत जोर लावू शकते. साठीच्या आसपास तो जोर एक डायऑप्टरवर येतो. गाडीतला काटा डोळ्यांपासून सुमारे 70 सेंटिमीटरवर असतो. तो स्पष्ट दिसण्यास 1.4 डायऑप्टर लागतात. स्नेह्यांच्या भिंगाच्या तिजोरीत तेवढी शिल्लकच नव्हती! तरुण चालकालाही नजर रस्त्यावरून काट्यावर आणि पुन्हा रस्त्यावर आणण्यास एक सेकंद सहज लागतो. ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी तेवढ्यात सुमारे 17 मीटर पुढे जाते. चाळिशीतल्या चालकाला आकडा लागत नाही म्हणून तो अधिक वेळ खाली पाहत राहतो.

हेड-अप डिस्प्ले म्हणजे नजर वर ठेवूनच वाचता येणारा दर्शक. त्याचा उगम लढाऊ विमानांत झाला. दुसऱ्या महायुद्धातील वैमानिक नेमबाजीची खूण तिरक्या काचेवर प्रतिबिंबित करून पाहत असत. आपल्या ‘तेजस’ विमानाचा असा दर्शक चंदीगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेने विकसित केला, हे आवर्जून नोंदवावेसे वाटते. मोटारीत तो 1988 साली अमेरिकेतील ओल्ड्समोबाइलने आणला, 1999 मध्ये कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारमध्ये आला आणि 2003 मध्ये बीएमडब्ल्यूने युरोपीय गाडीत दिला. या गाड्यांना तो कारखान्यातच मिळाला. जुन्या गाडीत तो नंतर बसवणे ही मात्र वेगळीच शस्त्रक्रिया आहे.

पहिली अडचण काचेची. पुढची काच दोन थरांची असते आणि तिच्या आतल्या व बाहेरच्या अशा दोन्ही पृष्ठभागांवरून प्रतिबिंब येते. परिणामी एका आकड्याचे दोन आकडे दिसतात. कारखान्यातून असा दर्शक घेऊन आलेल्या गाड्यांत दोन थरांमधील प्लास्टिकचा पडदा पाचरीसारखा, वर जाड व खाली पातळ ठेवून दोन्ही प्रतिमा एकावर एक आणलेल्या असतात. जुन्या गाडीसाठी तशी काच कोठून आणणार? शिवाय साधी काच सरळ पडलेल्या प्रकाशापैकी एका पृष्ठभागावरून सुमारे 4 टक्केच परत पाठवते. हिरा 17 टक्के परत पाठवतो. प्रकाश कसा वळवावा हे सुरतेला निराळे सांगायला नको. म्हणून बाजारातली स्वस्त यंत्रे काचेवर चिकटवायची परावर्तक फिल्म देतात. पुढच्या काचेतून किमान 70 टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, असा केंद्रीय मोटार वाहन नियमांतील शंभराव्या नियमाचा दंडक आहे, हे त्या खोक्यावर कोणी छापत नाही.

स्नेह्यांनी पहिले यंत्र फिल्मसह बसवले. उधन्यातील वायरिंगच्या कारागिराने काम नेटके केले होते, पण आकडा तरीही पुसट दिसत होता. “यंत्र बिघडले आहे,” असे सर्वांचे मत पडले. मी पट्टीने अंतर मोजले. सपाट आरशाचा शाळेतला नियम आठवावा : वस्तू आरशाच्या जितकी पुढे, प्रतिमा तितकीच मागे. यंत्र काचेपासून 15 सेंटिमीटरवर, काच डोळ्यांपासून 75 वर. म्हणजे प्रतिमा 90 सेंटिमीटरवर पडत होती आणि ती वाचण्यास 1.1 डायऑप्टर हवे होते. इतका खटाटोप करून रुग्णाला लाभ जेमतेम 0.3 डायऑप्टरचा! यंत्रात दोष काहीच नव्हता.

उपाय अंतर्वक्र पट्टीचा निघाला. डॅशबोर्डवर उभी राहणारी ही छोटी पारदर्शक पट्टी दाढीच्या आरशासारखी प्रतिमा मोठी करते आणि दूर ढकलते. प्रतिमा दोन मीटरवर गेली की अर्धा डायऑप्टर पुरतो. आता स्नेह्यांना आकडा चष्म्याची अदलाबदल न करता वाचता येतो. काचेवर फिल्मही उरली नाही.

वेगाचा आकडा मिळवणे तुलनेने सोपे गेले. अमेरिकेत 1996 पासून नव्या मोटारींना ओबीडी-2 ही निदान-जोडणी सक्तीची झाली आणि बहुतेक यंत्रे तिच्यातूनच वेग वाचतात. या गाडीच्या काळात आपल्याकडे तशी सक्ती नव्हती, म्हणून उपग्रहावरून वेग घेणारे यंत्र निवडले. ते ब्रेक मारल्यावर किंचित उशिरा आकडा बदलते आणि आपल्या या पुलांच्या शहरात पुलाखाली कधी क्षणभर गोंधळते. मूळ काटा म्हणूनच जागेवर ठेवला आहे.

डुमस रस्त्यावर दुपारी पहिली चाचणी घेतली तेव्हा आकडा पार नाहीसा झाला. वायर तपासण्यात अर्धा तास गेला. कारण स्नेह्यांच्या नाकावर होते. तिरक्या पट्टीवरून येणारे प्रतिबिंब बहुतांशी आडव्या ध्रुवणाचे असते आणि पोलराइज्ड गॉगल नेमके तेच अडवतो. (तो गॉगल मीच सुचवला होता, हे येथे कबूल करतो.)

एक शंका मात्र भिंगाने सुटत नाही. नासाने सिम्युलेटरवर केलेल्या व 1980 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असा दर्शक वापरणाऱ्या काही अनुभवी वैमानिकांना धावपट्टीवर आडवे आलेले विमान दिसलेच नाही. विमान त्यांच्या नजरेच्या रेषेतच होते, पण लक्ष आकड्यांत अडकले होते. दृष्टिपटलावर प्रतिमा पडणे आणि ती दिसणे यांतला हा फरक आम्ही नेत्रतज्ज्ञ तक्त्यावर मोजू शकत नाही. उलट दिशेने येणारी दुचाकी त्या आकड्याच्या मागे असेल तर काय?

म्हणून इंजिनाचे फेरे, तापमान, दिशादर्शक बाण हे सारे मी बंद करायला लावले. केवळ वेग ठेवला, तोही समोरच्या रेषेत नव्हे तर बॉनेटच्या कडेजवळ, आणि रात्री आपोआप मंद होणारा. स्नेह्यांना हे फारसे रुचले नाही. एवढा खर्च करून दोनच आकडे, अशी त्यांची तक्रार अजूनही चालू असते. पहाटे मांडीचे हाड मोडलेला रुग्ण आला की ते याच गाडीने निघतात, आणि त्या वेळी काच कोरी असावी असे वाटून कधी कधी ते दोन आकडेही बंद करतात.