हॉटेल व्यवस्थापन व सामान्य व्यवस्थापन : वेतन आणि संधींचा तुलनात्मक विचार
(ओवे, ता. पनवेल परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना :
ओवे हे खारघर वसाहतीला लागून असलेले पनवेल तालुक्यातील गाव. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि या पट्ट्यातील शेतीची जागा नागरी वसाहतीने घेतली. नोव्हेंबर २०२३ मध्ये बेलापूर-पेंधर मेट्रो सुरू झाली. डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी उड्डाणे सुरू झाली. साहजिकच हॉटेल व्यवस्थापन घ्यावे की एम.बी.ए. करावे, हा प्रश्न विद्यार्थी प्राध्यापकांना विचारू लागले आहेत. भूसंपादनाचा मोबदला एकदाच मिळतो. तो चुकीच्या शुल्कात गेल्यास परत येत नाही. म्हणून या प्रश्नाचे उत्तर जबाबदारीने देणे आवश्यक ठरते.

स्वरूपातील भेद :
हॉटेल व्यवस्थापनाचे पदवी शिक्षण बारावीनंतर सुरू होते. मुंबईत १९५४ पासून त्याच्या शिक्षणाची सोय आहे. स्वागतकक्ष, गृहव्यवस्था, पाककृती व खाद्यपेय सेवा हे त्याचे चार आधारस्तंभ होत. एम.बी.ए. हा पदवीनंतरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असून वित्त, विपणन, मनुष्यबळ अशा शाखांतून तो अनेक उद्योगांची दारे उघडतो.

वेतनाची तुलना :
केवळ पहिल्या पगाराची तुलना दिशाभूल करते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. हॉटेलमध्ये दरमहा २०,००० रुपयांवर रुजू झालेला पदवीधर दोन वर्षांत ४,८०,००० रुपये मिळवतो. त्याच काळात दुसरा विद्यार्थी एम.बी.ए.साठी ६,००,००० रुपये शुल्क भरतो. दोघांतील अंतर १०,८०,००० रुपये झाले. पुढे पहिल्याचा पगार २८,००० व दुसऱ्याचा ४५,००० असल्यास हे अंतर भरून निघण्यास सुमारे ६४ महिने लागतील. मात्र सामान्य संस्थेतून बाहेर पडून दुसऱ्याला ३०,००० रुपयेच मिळाले, तर तेच अंतर भरण्यास ५४० महिने, म्हणजे ४५ वर्षे लागतील! व्याज व वेतनवाढ येथे धरलेली नाही. तथापि शाखेपेक्षा संस्थेचा दर्जा निर्णायक असतो, हे यावरून स्पष्ट होते.

दुसऱ्या बाजूस हॉटेलमधील पाळ्या, सणासुदीचे काम व दिवसभर उभे राहणे यांची किंमत पगारपत्रकात दिसत नाही. ड्यूटीवरील जेवण व बक्षिसी हीदेखील त्यात दिसत नाही. २०२० च्या टाळेबंदीत या व्यवसायाची जोखीमही उघड झाली.

बढतीचा मार्ग :
हॉटेल पदवीधर विमानसेवा, रुग्णालये व किरकोळ विक्री क्षेत्रातही जाऊ शकतो, पुढे एम.बी.ए.ही करू शकतो. उलट, एम.बी.ए. झालेल्यास मुख्य आचारी होण्याचा मार्ग खुला नसतो.

निष्कर्ष :
ज्याला हाताने काम करण्याची व माणसांत वावरण्याची आवड आहे, त्याने आधी हॉटेल व्यवस्थापन घ्यावे व अनुभवानंतर एम.बी.ए.चा विचार करावा. थेट एम.बी.ए. करणाऱ्याने मात्र संस्थेतील सर्वोच्च नव्हे, तर मधल्या विद्यार्थ्याला मिळालेले वेतन विचारावे. हा प्रश्न विचारण्यास विद्यार्थ्याला शिकवणे, हे आपणा अध्यापकांचे कर्तव्य आहे.