रिकाम्या खाटेचं कोडं

छत्रपती संभाजीनगरहून नगरला निघालात, कायगाव टोक्याला गोदावरी ओलांडली, की पुढे वडाळा बहिरोबा लागतं. सहसा कुणी गाडी थांबवत नाही. पण 1960 च्या दशकात इथल्या मिशन दवाखान्यात एका डॉक्टर जोडप्याला असं कोडं पडलं, की त्याचं उत्तर पुढे जगभर गेलं!

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे, दोघंही वेल्लोरला शिकलेले. जुलाबाने सुकलेलं मूल यायचं, बरं होऊन घरी जायचं आणि तेच गढूळ पाणी पिऊन पुन्हा दारात. छत गळतंय तसंच ठेवून खाली बादल्या किती मांडायच्या?

जिनिव्हातही हाच प्रश्न घोळत होता. जागतिक चर्च परिषदेने 1968 मध्ये वैद्यकीय आयोग नेमला. दवाखाना दारात आलेल्यालाच बघतो, मग न आलेल्यांचं काय?

1970 मध्ये आरोळे जामखेडला आले आणि त्यांनी गावच्याच बायकांना शिकवायला घेतलं. कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. जुलाबावर त्यांचं औषध काय? लिटरभर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. बस्स!

पण साखर कशाला? इथेच तर खरी जादू आहे. आतड्याच्या भिंतीत एक चिमुकलं दार असतं. साखरेतलं ग्लुकोज आणि मिठातलं सोडियम जोडीने आले की ते उघडतं, आणि त्यांच्या मागोमाग पाणी आत शिरतं. जुलाब चालू असतानाही हे दार सहसा शाबूत असतं. सलाइनचं काम स्वयंपाकघरातल्या दोन डब्यांनी केलं!

1971 मध्ये जामखेडच्या गावांत हजार जन्मांमागे 176 बाळं वर्षाच्या आत दगावायची. 1976 पर्यंत हा आकडा 52 वर आला. जुलाबाचं मूल घरीच बरं झालं, की दवाखान्यातली त्याची खाट रिकामी राहते!

सगळ्याच मिशन दवाखान्यांच्या खाटा अशा सुखाने रिकाम्या होत नाहीत म्हणा. मिरजेला मिशनरी डॉ. वानलेस यांनी 1894 मध्ये रुग्णालय उभारलं, डॉक्टर घडवले. आज त्याच गावात गल्लोगल्ली दवाखान्यांच्या पाट्या दिसतात. इकडे संभाजीनगरात घाटीचं सरकारी रुग्णालय आहे, वर मोठमोठी खासगी रुग्णालयं. पेशंटला पर्याय मिळाला, तो तिकडे गेला. रजिस्टरात दोन्ही रिकाम्या खाटा सारख्याच दिसतात, हीच तर गंमत.

जामखेडला दवाखाना आहेच. अपघात, अडलेली बाळंतीण तिथे येतेच. जुलाबाचं मूल मात्र घरी, आईच्या मांडीवर, चमच्याचमच्याने साखर-मिठाचं पाणी पीत बसलेलं.