शस्त्रांचा बाजार (भाग ५) : काळ्या यादीतली पळवाट

अहेरीहून आलापल्ली, आष्टी, बल्लारपूर, चंद्रपूर असं वर गेलं की नागपूरच्या रस्त्यावर भद्रावती लागतं. तिथल्या चांदा आयुध निर्माणीत १५५ मिलिमीटर तोफांचे गोळे भरले जातात. त्यामुळे शस्त्रखरेदीतली लाच हे दिल्लीवाल्यांचं प्रकरण, असं म्हणून आपल्या जिल्ह्यांना सुटता येत नाही. ही निर्माणी पूर्वी कोलकात्याच्या आयुध निर्माणी मंडळाच्या हाताखाली होती. त्याच मंडळाचे माजी प्रमुख सुदिप्तो घोष यांना २००९ मध्ये लाचखोरीच्या आरोपावरून सीबीआयनं अटक केली. प्रकरण पुढे सरकलं आणि मार्च २०१२ मध्ये सरकारनं सहा कंपन्या दहा वर्षांसाठी काळ्या यादीत टाकल्या. त्यांत सिंगापूर टेक्नॉलॉजीज होती, इस्रायल मिलिटरी इंडस्ट्रीजही होती.

चांगली अद्दल घडली, असं कुणालाही वाटेल. मला मात्र पुढचा हिशेब जास्त बोलका वाटतो. डोंगरावर नेता येतील अशा हलक्या तोफांसाठी याच सिंगापूर टेक्नॉलॉजीजची पेगासस तोफ स्पर्धेत होती. ती बाद झाली आणि बीएई सिस्टिम्सच्या एम-७७७ समोर कुणी उरलंच नाही. २०१६ मध्ये अशा १४५ तोफा आपण अमेरिकी सरकारमार्फत घेतल्या. ही बीएई कोण? २०१० मध्ये अमेरिकेत गुन्हा कबूल करून ४० कोटी डॉलर दंड भरलेली कंपनी. आणि २००५ पासून बोफोर्सचा तोफांचा कारखानाही तिच्याच मालकीचा! ज्या नावावर या देशात सरकार निवडणूक हरलं, ते असं मागच्या दारानं पुन्हा शेजारी येऊन बसलं.

बोफोर्सचा करार मार्च १९८६ चा : ४०० हून अधिक तोफा, १४३७ कोटी रुपये. पुढच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये स्वीडिश रेडिओनं दलालीची बातमी फोडली. कंपनीशी व्यवहार थांबले आणि सुट्या भागांची टंचाई लष्कराच्या वाट्याला आली. कोर्टात मात्र कंपनीवरचा खटला टिकला नाही.

मग कंपनीला धरायचं कसं? एक वाट करारातच असते. २०१० मध्ये अगुस्टावेस्टलँडकडून १२ हेलिकॉप्टरं घ्यायची ठरली, तेव्हा दलाल नेमणार नाही आणि लाच देणार नाही, असं कंपनीनं लिहून दिलं होतं. तीन हेलिकॉप्टरं आली आणि दलालीचा बोभाटा झाला. जानेवारी २०१४ मध्ये करार रद्द करून भारतानं बँक हमी वटवायला काढली. इटलीतल्या न्यायालयात झगडून ती वटवलीही. कंपनीच्या माजी प्रमुखांना पुढे २०१८ मध्ये मिलानच्या न्यायालयानं निर्दोष सोडलं, पण तोवर पैसे आपल्या खात्यात आले होते. फौजदारी खटल्याला पुरावा लागतो आणि साक्षीदार परदेशात असतात. करारभंगाला इतकं लागत नाही. नुसत्या बंदीपेक्षा मला हेच हत्यार धारदार वाटतं.

दुसरी वाट ब्रिटनची. जानेवारी २०१७ मध्ये रोल्स-रॉइसनं सुमारे ५० कोटी पौंड भरून तिथला खटला टाळला. मान्य केलेल्या गैरप्रकारांत भारतातल्या दलालांचे हिशेब लपवल्याचंही होतं. तपास यंत्रणेनं २०१९ मध्ये व्यक्तींवरची चौकशी सोडून दिली, म्हणजे सह्या करणारे मोकळे. दंड जमा झाला तो ब्रिटनच्या तिजोरीत. हॉक विमानांच्या व्यवहारात सीबीआयनं याच कंपनीवर गुन्हा नोंदवला, तो मे २०२३ मध्ये.