एक्सरसाइज फिजिऑलॉजी: जिम टाकण्याचं शिक्षण नव्हे

भिवपुरी रोड ते कर्जत या पट्ट्यात पहाटे रस्त्याच्या कडेने धावणारी पोरं बहुतेक पोलीस भरतीची असतात. १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक, मिळून ५० गुण. त्यांच्यातल्याच एखाद्या बीएस्सी झालेल्या मुलाने ‘एक्सरसाइज फिजिऑलॉजीत एमएस्सी करतो’ म्हटलं, की घरून पहिला प्रश्न येतो: ‘म्हणजे जिम टाकणार का?’

नाही. जिम ट्रेनरचं प्रमाणपत्र काही आठवड्यांत मिळतं आणि व्यायाम कसा करून घ्यायचा ते शिकवतं. व्यायाम करताना शरीरात काय घडतं आणि ते कसं मोजायचं, हा या पदवीचा विषय. भरतीचंच घ्या. १०० मीटरला लागणारी ऊर्जा जवळजवळ सगळी स्नायूत आधीच साठलेल्या इंधनातून, ऑक्सिजनची वाट न बघता येते. १६०० मीटरला मात्र बहुतांश काम ऑक्सिजनवर चालतं. दोन्हींसाठी रोज तोच एक राउंड मारणाऱ्याचं एकीकडे नुकसान ठरलेलं. प्रयोगशाळेत हे तोंडावर मास्क लावून, ट्रेडमिलवर वेग आणि चढ वाढवत नेऊन, श्वासातले वायू तपासून मोजतात. दर मिनिटाला, वजनाच्या दर किलोमागे शरीर जास्तीत जास्त किती मिलिलिटर ऑक्सिजन वापरू शकतं, हा तो आकडा. सरावाशिवायच्या तरुणाचा साधारण ३५ ते ४५, अव्वल लांब पल्ल्याच्या धावपटूचा ७० च्या वर. हृदयरोगतज्ज्ञ टीएमटी करायला सांगतात तेव्हा ट्रेडमिल असाच चढत जातो, फक्त तिथे लक्ष ईसीजीवर असतं.

‘त्यासाठी स्वतः खेळाडू असावं लागतं’ ही समजूतही सोडून द्यावी. प्रवेशाला जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि सांख्यिकी उपयोगी पडतात, पदकं नाहीत. सांख्यिकीला घाबरणाऱ्याने मात्र आधीच विचार करावा, कारण प्रबंधाचा अर्धा जीव तिच्यात असतो.

सगळ्यात चिवट गैरसमज पाय दुखण्याबद्दलचा आहे. पावसाळ्यात भिवपुरीला उतरून डिकसळमार्गे गारबेट पठार चढून आलेला मुंबईकर दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरतो आणि सांगतो, ‘लॅक्टिक ॲसिड साचलंय.’ साचलेलं नसतं. व्यायामात वाढलेलं लॅक्टेट (शरीरात लॅक्टिक ॲसिड याच रूपात असतं) थांबल्यावर साधारण तासाभरात पूर्वपदावर येतं. रात्री घरी पोहोचेपर्यंत ते केव्हाच संपलेलं असतं, आणि दुखणं तर एक ते तीन दिवसांनी शिगेला जातं. खरा दोष उताराचा. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असतानाच वजन पेलतो, आणि त्यात त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. धाप चढताना लागते, पाय मात्र उतरल्याबद्दल दुखतात. आठवड्या-दोन आठवड्यांनी तोच उतार पुन्हा उतरा, दुखणं बरंच कमी होईल. स्नायू एका फेरीतही सावरायला शिकतो. रोज डोक्यावर मोळी घेऊन डोंगर उतरणाऱ्या ठाकर बायकांचे पाय दुसऱ्या दिवशी का धरत नाहीत, त्याचं एक कारण हेच.

लॅक्टिक ॲसिडवर हा आळ आला तो मोठ्या लोकांच्या कामातून. भिवपुरीचं टाटांचं वीजघर सुरू झालं त्या १९२२ सालचं वैद्यकाचं नोबेल ए. व्ही. हिल आणि ओटो मायरहोफ यांना मिळालं. स्नायूतली उष्णता, ऑक्सिजन आणि लॅक्टिक ॲसिड यांचा हिशेब त्यांनी बेडकाच्या स्नायूवर मांडला होता. पुढे कळलं, की लॅक्टेट हा नुसता कचरा नाही. हृदय आणि इतर स्नायू ते इंधन म्हणून वापरतात. पाठ्यपुस्तकं बदलली, मैदानावरचे सर बदलायला वेळ लागतोय.

हे शास्त्र परदेशातून आयात झालं, आपल्याकडे नुसता योग होता, असंही ऐकू येतं. कर्जतहून बोरघाट चढला की लोणावळा. तिथे १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम काढलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केलं. उड्डियान आणि नौली करताना पोटातला दाब किती उतरतो, हे त्यांनी उपकरणांनी मोजलं. प्राणायामाने शरीराला जादा ऑक्सिजन मिळतो, ही लाडकी समजूतही त्यांनी वायूंच्या मोजमापाने तपासली. तिला दुजोरा मिळाला नाही. निरोगी माणसाच्या धमनीतलं हिमोग्लोबिन बसल्या जागीच ९५ टक्क्यांच्या वर ऑक्सिजनने भरलेलं असतं, तिथे आणखी भरायला जागा कुठे? योगावर श्रद्धा असलेल्या माणसाने योगाच्याच बाजूचा दावा असा तपासावा, हे मला त्यांच्या सगळ्या निष्कर्षांहून मोठं वाटतं.

आता हे शिकायचं कुठे? शारीरिक शिक्षणाच्या बीपीएड, एमपीएडमध्ये एक्सरसाइज फिजिऑलॉजी हा विषय असतो, पण एक पेपर म्हणजे पदवी नव्हे. फिजिओथेरपीही वेगळी: ती दुखापतीतून उभं करते, नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाखाली शिकवली जाते, आणि पुढे एमपीटीत खेळाची शाखा घेता येते. एक्सरसाइज फिजिऑलॉजीचे विभाग ग्वाल्हेरच्या लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्थेत आणि चेन्नईच्या तमिळनाडू शारीरिक शिक्षण व क्रीडा विद्यापीठात आहेत. बालेवाडीच्या क्रीडा विद्यापीठाचा कायदा २०२० चा, म्हणजे ते अजून नवं. कुठेही अर्ज करण्याआधी एक विचारा: श्वासातले वायू मोजणारं यंत्र आहे का, आणि विद्यार्थ्याला ते हाताळू देतात का?

अमेरिकेत शोधणाऱ्याने ‘कायनेसिऑलॉजी’ या नावाखालीही पाहावं, पुष्कळ विद्यापीठांत हा विभाग त्याच नावाने असतो. तिथला मास्टर्स साधारण दोन वर्षांचा, ब्रिटनमधला एक वर्षाचा. व्यायामाचे वर्ग शिकवण्याच्या बदल्यात फी माफ करणारी सहायकपदं अमेरिकी विद्यापीठांत असतात, तेव्हा पैसा नाही म्हणून दार बंद, असं आधीच धरून चालू नये.

नोकरी म्हणजे क्रिकेट संघ, हे चित्रही अपुरं आहे. हृदयविकारानंतरचं पुनर्वसन, मधुमेह, लष्करी व औद्योगिक संशोधन, अध्यापन ही मोठी क्षेत्रं. ऑस्ट्रेलियात मान्यताप्राप्त एक्सरसाइज फिजिऑलॉजिस्टकडे डॉक्टर रुग्ण पाठवतात आणि सरकारी मेडिकेअर त्यातल्या मोजक्या भेटींचा खर्च उचलतं. आपल्याकडे तशी सोय नाही. रुग्णालयात काम करायचं असेल तर आधी फिजिओथेरपीची पदवी आणि मग एक्सरसाइज फिजिऑलॉजी, हा रस्ता लांबचा असला तरी आज तोच खात्रीचा.