पंखा मोठा, इंधन कमी

एअरबस ए-३२० विमानाच्या जुन्या सीएफएम-५६ इंजिनाच्या पंख्याचा व्यास सुमारे १.७३ मीटर. २०१६मध्ये सेवेत आलेल्या ए-३२० निओच्या प्रॅट अँड व्हिटनी इंजिनात तो २.०६ मीटर झाला. इंधनबचतीचे मर्म या घेरात आहे.

थोडी हवा प्रचंड वेगाने फेकण्यापेक्षा भरपूर हवा कमी वेगाने मागे ढकलली, तर तेवढाच रेटा कमी ऊर्जेत मिळतो. जुन्या इंजिनात गाभ्यातून जाणाऱ्या हवेच्या पाच-सहा पट हवा बाहेरून वळसा घालून जाई. नव्यात ती सुमारे बारा पट जाते. मोठा पंखा सावकाश फिरायला हवा, टर्बाइन मात्र वेगाने. म्हणून दोघांमध्ये गिअर बसवले. पंखा टर्बाइनच्या साधारण एक तृतीयांश वेगाने फिरतो आणि इंधन सुमारे १५ टक्के वाचते.

भारतीय विमान कंपन्यांच्या खर्चात इंधनाचा वाटा ३० ते ४० टक्क्यांपर्यंत जातो. म्हणजे एकूण खर्चात सुमारे पाच टक्के बचत. पण २०२३मध्ये याच इंजिनांच्या काही सुट्या भागांच्या धातूत दोष आढळला आणि तपासणीसाठी जगभरातील शेकडो विमाने जमिनीवर राहिली. उभे विमान कमाई करत नाही, भाडे मात्र चालूच राहते. त्यामुळे कार्यक्षमतेइतकाच टिकाऊपणाही हिशेबात धरायलाच हवा.