मामंजींच्या रणगाड्याचा रंग

नातवाने चिमुकल्या रणगाड्याला वाळूसारखा पिवळा रंग दिला आणि मोठ्या हौसेने तो आजोबांपुढे ठेवला. यांनी चष्मा पुसला, रणगाडा पाहिला, भिंतीवरचा फोटो पाहिला. म्हणाले, "बाळा, माझ्या बाबांचा रणगाडा असा नव्हता रे."

झाले! पोराचा चेहरा उतरला.

रायपूरला चौबे कॉलनीत आमचे घर आहे, महाराष्ट्र मंडळाजवळच. माझे सासरे दुसऱ्या महायुद्धात लष्करात मेकॅनिक होते. त्यांचा त्या वेळचा एकच फोटो उरला आहे. मागे पेन्सिलीने लिहिले आहे, 'मणिपूर, १९४४'. अमेरिकी बनावटीच्या 'स्टुअर्ट' रणगाड्याजवळ मामंजी हातात पाना घेऊन उभे आहेत, मागे रुग्णवाहिका. नातवाने जोडलेले मॉडेल त्याच रणगाड्याचे, मूळच्या पस्तिसाव्या हिश्श्याचे. म्हणजे जेमतेम तेरा सेंटिमीटर लांब. पण खोक्यातल्या कागदावर रंग छापला होता आफ्रिकेच्या वाळवंटातला. मणिपूरच्या जंगलात पिवळा रणगाडा कशाला जाईल?

मग रंगाचा शोध सुरू झाला. पुण्याला नणंदेकडे जायचेच होते. आझाद हिंद एक्स्प्रेस रायपूरहून निघून नगरवरूनच पुण्याला जाते. (आता अहिल्यानगर, जुनी जीभ वळत नाही.) तिथे लष्कराचे रणगाडा संग्रहालय आहे, १९९४ मध्ये सुरू झालेले. मटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल असे इंग्रजी अमदानीतले रणगाडे तिथे अंगणात ओळीने उभे आहेत. नातू प्रत्येकाचा रंग वहीत टिपू लागला. एक निवृत्त फौजी पाहुणे हसून म्हणाले, "आकार टिपून घे, पट्ट्या-खिळे मोज. रंगावर मात्र विसंबू नकोस. उन्हापावसात उभ्या गाड्यांना किती वेळा नवा हात दिला असेल, कोण जाणे!"

खरेच होते ते. ब्रिटनमधल्या एका संग्रहालयातल्या मटिल्डावर फिकट निळे पट्टे रंगवले होते. मॉडेल करणाऱ्या जगभरच्या हौशी मंडळींनी वर्षानुवर्षे तेच निळे पट्टे उतरवले. पुढे जुने आदेश तपासल्यावर कळले, की तो रंग निळा नव्हताच, हिरवट करडा होता.

तेव्हा खरा आधार लेखी आदेशांचा. स्टुअर्ट अमेरिकेतल्या कारखान्यातून निघत तो मळकट हिरव्या 'ऑलिव्ह ड्रॅब' रंगात. १९४३ पासून ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी ब्रिटिशांनी गडद 'जंगल ग्रीन' ठरवला. पिवळ्याचा निकाल तिथेच लागला.

अडले ते बुरुजावरच्या त्रिकोणाशी. ब्रिटिश पद्धतीत त्रिकोण म्हणजे 'ए' स्क्वाड्रन. खुणेच्या रंगावरून रेजिमेंटची ज्येष्ठता कळे: पहिलीचा लाल, दुसरीचा पिवळा, तिसरीचा निळा. आमच्या फोटोत तो त्रिकोण चक्क काळा! नातू दोन दिवस भिंग घेऊन बसला. तिसऱ्या दिवशी ओरडतच स्वयंपाकघरात आला, "आजी, रुग्णवाहिकेवरचा क्रॉस बघ! तोही काळा!"

मी पोळी तव्यावरच विसरले. रेडक्रॉसचा क्रॉस लाल, हे कुणीही सांगेल. त्या काळच्या पुष्कळ स्वस्त फिल्मना लाल रंग दिसतच नसे, तो काळा उमटे. उलट निळा रंग अगदी फिकट येई. क्रॉस लाल असून काळा, तर त्रिकोणही लाल असणार. मुळात काळाच असेल तर? ही शंका मी काढली, पण खुणांच्या त्या रंगांत काळा नव्हता. पोराने मला गप्प केले.

पिवळा रंग खरवडून काढला. हिरव्यात किंचित पांढरा मिसळला, कारण लहान वस्तूवर मूळ रंग आहे त्याहून गडद वाटतो. लाल त्रिकोण काढायला मात्र त्याने आजोबांना बसवले. यांचा हात थोडा थरथरला, एक कड वाकडी झाली.

"पुसून पुन्हा काढू?" यांनी विचारले.

नातवाने फोटो जवळ नेऊन पाहिला. "राहू द्या आजोबा. यातलीही वाकडीच आहे."