७४४ सामने, एकही खाडा नाही

गटाच्या सभेत हजेरी घेताना एखादीचा खाडा पडला की आपण लगेच विचारतो, "का गं, मागच्या वेळी कुठं होतीस?" आज ज्या माणसाबद्दल बोलणार आहे, त्याला हा प्रश्न सोळा वर्षांत कुणाला विचारावा लागला नाही. तो आहे फिलिपिन्स देशातला बास्केटबॉल खेळाडू, एल. ए. टेनोरिओ. माझा भाचा कॉलेजात बास्केटबॉल खेळतो, त्यानं मला ही गोष्ट सांगितली. खेळातलं मला फार कळत नाही, पण त्या हजेरीचा आकडा ऐकला आणि माझ्या मनातून जाईना.

आधी तो देश समजून घेऊ. फिलिपिन्स म्हणजे समुद्रातल्या हजारो बेटांचा देश. आपल्याकडं क्रिकेटचं जे वेड आहे, ते तिथं बास्केटबॉलचं. रस्त्याच्या कडेला, घरामागं, जिथं जागा मिळेल तिथं खांबावर नाहीतर नारळाच्या झाडावर एक लोखंडी कडं ठोकलेलं असतं आणि पोरं पायात चपला घालून खेळत असतात. तिथं गावकारभाराचा सगळ्यात छोटा भाग असतो, त्याला 'बारांगाय' म्हणतात. आपली ग्रामपंचायत तशीच समजा. असे सुमारे ४२ हजार बारांगाय आहेत आणि बास्केटबॉलचं मैदान नाही असा बारांगाय शोधावा लागेल.

१९७५ साली तिथं खेळाडूंना पगार देणारी स्पर्धा सुरू झाली. तिला पीबीए म्हणतात. आशियातली अशी ही पहिलीच. गंमत म्हणजे तिथले संघ गावांच्या नावाचे नसतात, कंपन्यांच्या मालाच्या नावाचे असतात. एक संघ घराला द्यायच्या रंगाचा, एक बिअरचा, आणि पूर्वी एक दुधाच्या डब्याच्या नावाचाही होता. सगळ्यात लाडका संघ 'बारांगाय हिनेब्रा', आणि हिनेब्रा हे तिथल्या जिन दारूचं नाव! दारूबंदीसाठी मोर्चा काढलेल्या माझ्या मैत्रिणींना हे आवडणार नाही, पण नावात अर्धी ग्रामपंचायत आणि अर्धी दारू आहे खरी.

टेनोरिओचा जन्म १९८४चा, बातांगास प्रांतातल्या नासुग्बू या समुद्रकाठच्या गावचा. हा भाग उसाचा, म्हणजे आपल्यासारखाच. बास्केटबॉलमध्ये कडं जमिनीपासून दहा फुटांवर असतं. त्यामुळं खेळाडू साडेसहा-सात फूट उंच असले की संघाचं फावतं. हा मात्र साडेपाच फुटांहून थोडाच उंच. म्हणून त्याचं काम वेगळं. चेंडू पुढं न्यायचा, कोण मोकळा आहे ते हेरायचं, योग्य वेळी त्याच्या हातात द्यायचा आणि गरज पडली तर स्वतः लांबून टाकायचा. घरात सगळ्यांना वाढणारी बाई असते ना, कुणाला काय हवं ते न विचारता ओळखणारी, तसं हे काम. चाहते त्याला प्रेमानं 'लेफ्टनंट' म्हणतात.

कॉलेजात असताना त्याच्या आतेनिओ विद्यापीठानं २००२ साली विद्यापीठांची मोठी स्पर्धा जिंकली. २००६ साली सॅन मिगेल संघानं त्याला घेतलं. दोन वर्षांनी त्याला अलास्का या दुधाच्या कंपनीच्या संघात पाठवलं. तिथं कंपन्या आपसात खेळाडूंची अदलाबदल करतात. २०१२ साली तो हिनेब्रात आला. तीन संघ बदलले, पण सामना एकही चुकला नाही.

हिनेब्राला २००८ नंतर एकही विजेतेपद नव्हतं. लाडका संघ आणि आठ वर्षं हार! २०१६च्या ऑक्टोबरमध्ये अंतिम फेरीच्या सहाव्या सामन्यात जस्टिन ब्राउनली या अमेरिकन खेळाडूनं अगदी शेवटच्या क्षणी चेंडू कड्यात टाकला आणि दुष्काळ संपला. त्या फेरीचा सर्वोत्तम खेळाडू मात्र टेनोरिओ ठरला. देशाच्या संघातही तो होताच. २०१४ साली स्पेनमधल्या विश्वचषकात त्यांनी सेनेगलला हरवलं, तेव्हा चाळीस वर्षांनी फिलिपिन्सला विश्वचषकात एक सामना जिंकता आला होता.

आता हजेरीकडं येऊ. २०२०च्या सप्टेंबरमध्ये त्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. पुढच्याच महिन्यात स्पर्धा होती. कोरोनामुळं सगळे संघ एकाच जागी कोंडून ठेवले होते. हा गेला, सगळे सामने खेळला, संघ जिंकला आणि अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडूही तोच. आधीचा न चुकवता खेळायचा विक्रम आल्विन पॅट्रिमोनिओ या मोठ्या खेळाडूचा होता, ५९६ सामन्यांचा. टेनोरिओ त्याच्याही पुढं गेला. त्याचा आकडा ७४४.

१५ जानेवारी २०२३ला हिनेब्राचा हाँगकाँगच्या संघाबरोबर अंतिम सामना झाला. बघायला ५४,५८९ माणसं आली होती. पीबीएच्या सामन्याला एवढी गर्दी कधीच झाली नव्हती. हिनेब्रा जिंकलं. टेनोरिओ मैदानावर होता.

मार्च उजाडला आणि पहिला खाडा पडला. आधी बाहेर कळलं की जांघेची दुखापत आहे. २१ मार्चला त्यानं स्वतः जाहीर केलं की त्याला मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे, तिसऱ्या टप्प्यातला, आणि ऑपरेशनही झालंय. वय ३८. दारात माणूस उभा राहून असं काही सांगतो, तेव्हा आपण पाणी द्यायचंही विसरतो. भाच्यानं सांगितलं तेव्हा माझं तसं झालं.

तिसरा टप्पा म्हणजे आजार आतड्यातून जवळच्या गाठींपर्यंत पोचलेला असतो, पण यकृत, फुप्फुस अशा लांबच्या अवयवांत गेलेला नसतो. इलाज होतो. आधी ऑपरेशन आणि नंतर काही महिने केमो. एक गोष्ट स्पष्ट सांगते, खेळल्यामुळं त्याला कॅन्सर झाला असं मुळीच नाही. पण चाळिशीच्या आतला, रोज व्यायाम करणारा, एकही दिवस घरी न बसलेला माणूसही आजारी असू शकतो, हे मला आधी पटलं नसतं.

न पटण्याचं कारण माझंच आहे. आमच्या एका गटात एक ताई आहेत. सहा वर्षांत त्यांनी एकही सभा चुकवली नाही. वार्षिक मेळाव्यात त्याबद्दल साडी द्यायचं मीच ठरवलं आणि मीच दिली. टाळ्या झाल्या. नंतर चार महिन्यांनी त्या रोजगाराच्या कामावर चक्कर येऊन पडल्या. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सहा. शौचावाटे आठ महिने रक्त जात होतं, मूळव्याध असेल म्हणून त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सुनेला सांगायची लाज आणि मजुरी बुडण्याची भीती. त्यांना रक्त चढवलं, तपासणी झाली. निघाली मूळव्याधच. पण डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "आठ महिने कशाला थांबलात?" त्या माझ्याकडं बघत होत्या. आठातल्या चार महिन्यांत रक्त जात असताना त्यांनी ती साडी घेतली होती.

तर या आजाराची लक्षणं नीट ऐका. शौचाबरोबर रक्त, किंवा डांबरासारखं काळं शौच. दोन-तीन आठवडे झाले तरी जुलाब नाहीतर बद्धकोष्ठ थांबत नाही, नेहमीची सवयच बदलली. पोटात सारखी कळ. काही कारण नसताना वजन उतरणं, थकवा, रक्त कमी होणं. यातलं काही असलं म्हणजे कॅन्सरच असं नाही, बहुतेक वेळा दुसरंच काही निघतं. पण ते घरबसल्या कळत नाही. गावच्या आरोग्य केंद्रात तिशीनंतर तोंडाची, स्तनाची आणि गर्भाशयाच्या मुखाची तपासणी होते. आतड्याची त्यात नसते. त्यामुळं आपण तोंड उघडल्याशिवाय कुणी विचारणार नाही. आशाताईला आधी सांगितलं तरी चालेल. घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा.

टेनोरिओ २०२३च्या सप्टेंबरमध्ये कॅन्सरमुक्त झाल्याचं जाहीर झालं. नोव्हेंबरमध्ये तो पुन्हा हिनेब्राकडून मैदानात उतरला. पूर्वीसारखा पूर्ण वेळ नाही, थोडा वेळच. २०२५ साली मॅग्नोलिया संघानं त्याला मुख्य प्रशिक्षक केलं. आता कुणाला खेळवायचं आणि कुणाला बाकावर बसवायचं, हे तो ठरवतो.

मेळाव्यात यंदा पूर्ण हजेरीची साडी मी बंद केली. दोन गट माझ्यावर रुसलेत.